मराठी साइटची पानं गुगलमधून पुन्हा पुन्हा गायब होत असतील तर

लक्षण साधारण असं असतं. नवा लेख चार दिवस गुगलवर दिसतो, मग त्याचं शीर्षक जसंच्या तसं टाकलं तरी सापडत नाही. साइटमॅप (साइटच्या पत्त्यांची यादी) पुन्हा दिला, 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग'चं बटण दाबलं, एखादं प्लगइन बदललं, की पान परत येतं. महिनाभरात पुन्हा तेच. हे चक्र सुरू राहतं, कारण बिघाड एका टप्प्यावर असतो आणि डागडुजी दुसऱ्याच टप्प्यावर चाललेली असते. पान परत आलं ते बहुधा डागडुजीमुळे नव्हे, तर गुगलबॉट (पानं वाचत फिरणारा गुगलचा प्रोग्राम) नेमका साइट धड असताना फिरकला म्हणून.

टप्पे तीन आहेत: गुगलबॉट पानापर्यंत पोचणं, वाचलेलं पान गुगलने आपल्या नोंदीत ठेवणं आणि नोंदीतलं पान निकालात वर येणं. सल्ले देणारे बहुतेक जण थेट तिसऱ्या टप्प्यावर उडी मारतात, कीवर्ड आणि बॅकलिंकची भाषा सुरू करतात. पान गायब होत असेल तर रोग जवळजवळ नेहमी पहिल्या दोनांत असतो.

आधी टप्पा ठरवा

'साइट' हा शोध-आदेश वापरून मोजलेल्या पानांवर विसंबू नका. तो आकडा अंदाजी असतो आणि नोंदीतली सगळी पानं दाखवेल याची हमी नसते. खरी माहिती सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गुगलच्या साधनातच मिळते. तिथे साइट जोडताना 'डोमेन' प्रकार निवडा आणि डीएनएसमध्ये (डोमेनच्या नावाचा सर्व्हरशी मेळ घालणाऱ्या यादीत) टीएक्सटी नोंद टाकून मालकी सिद्ध करा. म्हणजे तीन डब्ल्यूंसकट आणि त्यांच्याविना, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, असे सगळे पत्ते एकाच ठिकाणी दिसतात. नुसता 'यूआरएल प्रिफिक्स' घेतलेल्यांना अर्धी साइट दिसतच नाही, आणि ते उरलेल्या अर्ध्या भागाला गायब समजतात.

आता एक गायब झालेलं पान घ्या. त्याचा पूर्ण पत्ता सर्च कन्सोलच्या वरच्या पट्टीत चिकटवा आणि येणारा निकाल नीट वाचा. इथे एक गल्लत फार होते. आधी दिसतो तो गुगलने पान शेवटचं वाचलं तेव्हाचा निकाल. 'टेस्ट लाइव्ह यूआरएल' दाबल्यावर येतो तो आत्ताचा. जुन्या निकालात बिघाड आणि ताज्या चाचणीत सगळं ठीक, असं दिसलं तर बिघाड येऊन-जाऊन असतो. अशा वेळी सर्व्हर किंवा फायरवॉल तपासायचा, मजकूर नव्हे. शिवाय ताज्या चाचणीतला हिरवा टिळा म्हणजे नोंदीची हमीही नव्हे, कारण पान दुसऱ्याची नक्कल आहे का किंवा ठेवण्याजोगं आहे का, हे ती चाचणी बघत नाही.

'यूआरएल इज ऑन गुगल' असं आलं तर पान नोंदीत आहे, बहुधा फक्त खाली आहे. 'मजकूर कुठाय?' हा भाग बघून थेट शेवटच्या भागाकडे जा. बाकी सगळ्यांनी पुढचं क्रमाने वाचावं.

सर्व्हर गुगलबॉटलाच हाकलतोय

निकालात ४०३ (प्रवेश नाकारला), ४२९ (फार विनंत्या आल्या) किंवा ५०० मालिकेतली (सर्व्हरचा बिघाड) चूक दिसली तर 'सेटिंग्ज'मध्ये 'क्रॉल स्टॅट्स' उघडा. तिथे ९० दिवसांचा आलेख असतो. चुका ठरावीक दिवसांपासून सुरू झाल्या असतील तर त्या दिवशी काय बदललं ते आठवा: होस्टिंगची योजना, सुरक्षा प्लगइन, सीडीएनची (साइटच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणच्या सर्व्हरवरून पुरवणाऱ्या सेवेची) सेटिंग.

मराठी साइटवर सर्रास आढळणारी चूक म्हणजे देशाची बंदी. वाचक महाराष्ट्रातले, मग बाहेरचे बॉट कशाला, असा विचार करून फायरवॉलमध्ये 'फक्त भारत' असा नियम लावला जातो. गुगलबॉट मुख्यतः अमेरिकेतल्या आयपी पत्त्यांवरून येतो. पुण्यात बसून साइट झकास उघडते, गुगलला मात्र ४०३ मिळतो. नियम पूर्ण काढायचा नसेल तर फायरवॉलमधली 'व्हेरिफाइड बॉट्स'ना मुभा देण्याची सोय चालू करा. (दुबई, न्यू जर्सी किंवा लंडनमधले मराठी वाचकही या नियमाने बाहेर राहतात, ते वेगळंच.) नुसत्या नावावरून मुभा देऊ नका, कारण 'गुगलबॉट' हे नाव कोणीही लावून येतं. सर्व्हरच्या लॉगमधल्या आयपीचा उलटा डीएनएस शोध, म्हणजे आयपीवरून नाव, घ्या. नाव गुगलबॉट डॉट कॉम किंवा गुगल डॉट कॉमने संपलं पाहिजे आणि त्या नावाचा सरळ शोध पुन्हा त्याच आयपीवर आला पाहिजे.

स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर आणखी एक प्रकार घडतो. रात्री बॅकअप चालू असताना किंवा एखादी बातमी व्हॉट्सॲपवर फिरली की सर्व्हर ५०३ (सध्या सेवा उपलब्ध नाही) देतो. तासाभराच्या ५०३ ने काही बिघडत नाही, गुगल फक्त वेग कमी करतं. हाच प्रकार काही दिवस सतत चालला की पानं नोंदीतून गळायला लागतात. त्यातही रोबोट्स डॉट टीएक्सटी, म्हणजे बॉटने काय वाचावं आणि काय नाही हे सांगणारी फाइलच, ५०० मालिकेतली चूक देत असेल तर पहिले १२ तास गुगल अख्ख्या साइटचं वाचन थांबवतं आणि त्यानंतर ३० दिवसांपर्यंत फाइलची जुनी प्रत धरून चालतं. गंमत अशी की ती फाइल मुळात नसली, म्हणजे ४०४ आली, तर काहीच अडत नाही; 'कशालाच बंदी नाही' असा त्याचा अर्थ घेतला जातो. म्हणून ही फाइल साधी, स्थिर ठेवा. प्लगइनकडून दर वेळी नव्याने तयार करून घेऊ नका.

नोइंडेक्स: दर नूतनीकरणानंतर परतणारं भूत

वर्डप्रेसमध्ये 'सेटिंग्ज'च्या 'रीडिंग' पानावर 'डिसकरेज सर्च इंजिन्स' अशी चौकट असते. तिच्यावर खूण असली की पानाला नोइंडेक्स, म्हणजे 'हे पान नोंदीत ठेवू नका' अशी सूचना, लागते. नवी साइट आडोशाला (वाचकांना न दिसणाऱ्या चाचणीच्या जागी) बांधताना डिझायनर तिच्यावर खूण करतो, आणि ते बरोबरच आहे. पण साइट जागेवर आणताना डेटाबेस जसाच्या तसा उतरवला की खूणही उतरते. कोणाच्या लक्षात आलं की ती काढली जाते, आणि पुढच्या बदलाच्या वेळी तीच आडोशाची प्रत पुन्हा वर चढते. पानं दर काही महिन्यांनी गायब होत असतील तर आधी तारखा जुळवून पाहा: गायब होण्याची आणि डिझाइन बदलल्याची.

वर्डप्रेस ५.३ पासून ही चौकट पानात नोइंडेक्सचा मेटा टॅग टाकते. त्याआधी रोबोट्स डॉट टीएक्सटीमधून वाट अडवायची. दोन्हींतला फरक समजून घेतला पाहिजे, कारण लोक घाबरून दोन्ही एकदम लावतात. रोबोट्स फाइलने वाट अडवली तर गुगल पान वाचतच नाही, त्यामुळे आतला नोइंडेक्सही त्याला कळत नाही. मग कुठूनतरी दुवा मिळाला की नुसता पत्ता, वर्णनाविना, निकालात लटकत राहतो. पान नोंदीतून काढायचं असेल तर वाट मोकळी ठेवून नोइंडेक्स लावा.

पानाच्या सोर्समध्ये टॅग दिसत नाही आणि सर्च कन्सोल मात्र नोइंडेक्स सांगतंय, असं असेल तर एक्स-रोबोट्स-टॅग हा एचटीटीपी हेडर पाहा. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये 'नेटवर्क' उघडून पान पुन्हा लोड करा, पहिल्या ओळीवर टिचकी मारा, रिस्पॉन्स हेडर वाचा. हा हेडर सर्व्हरच्या मांडणीत किंवा सीडीएनच्या नियमात दडलेला असतो; वर्डप्रेसच्या पडद्यावर तो कुठेच दिसत नाही.

देवनागरी पत्ता २०० अक्षरांत कापला जातो

हा भाग इंग्रजी मार्गदर्शनात सहसा सापडत नाही, कारण इंग्रजी साइटला ही अडचणच नाही. पत्त्यात देवनागरी चालते, गुगलला ती वाचता येते, तिथे घाबरण्यासारखं काही नाही. पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत तीन बाइटचं असतं, आणि पत्त्यात लिहिताना प्रत्येक बाइटला टक्क्याच्या चिन्हासकट तीन जागा लागतात. म्हणजे एका चिन्हाला नऊ. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं म्हणून मोजली जातात. वर्डप्रेस लेखाचा पत्ता २०० जागांत बसवतं. हिशेब केला तर जेमतेम २२ चिन्हं.

'कोल्हापूरचा तांबडा पांढरा रस्सा घरच्या घरी' हे शीर्षक घ्या. 'कोल्हापूरचा' यात ११ चिन्हं, ९९ जागा. एक आडवी रेघ. 'तांबडा' सहा चिन्हं, ५४ जागा. पुन्हा रेघ. झाले १५५. उरलेल्या ४५ जागांत पाच चिन्हं मावतात, म्हणून पत्ता 'कोल्हापूरचा-तांबडा-पांढर' इथेच तुटतो. आता 'कोल्हापूरचा तांबडा पांढरा रस्सा: मसाला कसा करावा' असा दुसरा लेख लिहिला की त्याचा पत्ताही तोच निघतो आणि शेवटी २ चा आकडा लागतो. पत्त्यांवरून लेख ओळखता येत नाहीत, तुम्हालाही नाही आणि वाचकालाही नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेला असला लांबलचक टक्क्यांचा दुवा कोणी अर्धाच उचलून चिकटवला की ४०४ मिळतो.

उपाय सोपा आहे: लेख प्रसिद्ध करण्याआधी 'पर्मालिंक'मध्ये हाताने तीन-चार शब्दांचा छोटा पत्ता लिहा, देवनागरीत किंवा रोमन लिपीत. रोमन लिपी घेतली म्हणून गुगलवर वर जाल असं नाही. फायदा फक्त लांबीचा. मात्र आधीच नोंदीत असलेल्या लेखांचे पत्ते हौसेने बदलत बसू नका. बदललेच तर जुन्यावरून नव्यावर ३०१ रिडायरेक्ट (कायमचं वळण) लावा आणि तो किमान वर्षभर ठेवा. आधीच्या रिडायरेक्टवर नवा, त्यावर आणखी एक, अशी साखळी करू नका. गुगलबॉट दहा उड्यांनंतर सोडून देतो.

याच घरातला आणखी एक बारकावा. 'पुऱ्या' किंवा 'कोपऱ्यात' यातला ऱ्य दोन तऱ्हांनी टंकला जातो: एकतर पायमोड्या 'ऱ' वापरून, नाहीतर साध्या 'र'ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. 'ॲप'मधला ॲ हे एक स्वतंत्र चिन्ह आहे. काही कीबोर्ड 'अ'वर चंद्र ठेवून तसाच दिसणारा दुसरा बनवतात. पत्त्यात असा शब्द आला, आणि एका लेखकाने एका कीबोर्डवर, दुसऱ्याने दुसऱ्यावर दुवा हाताने टंकला, तर दुसरा दुवा ४०४ वर जातो आणि कारण काही केल्या दिसत नाही. अंतर्गत दुवे टंकू नका, कॉपी करूनच लावा.

पान नोंदीत आहे, पण मजकूर कुठाय?

'व्ह्यू क्रॉल्ड पेज' दाबून गुगलला मिळालेलं एचटीएमएल उघडा आणि लेखातलं एखादं वाक्य त्यात शोधा. सापडलं नाही तर तीन शक्यता.

जुनी साप्ताहिकं, संस्था, पतपेढ्या यांच्या साइटवर अजूनही श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर सापडतो. तो दिसतो मराठी, पण आत रोमन अक्षरं साठवलेली असतात; फॉन्ट फक्त त्यांना देवनागरी मुखवटा चढवतो. ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे रोमन अक्षरांचा गोंधळ उमटला तर गुगललाही तोच दिसतो. अशा पीडीएफचंही तेच. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, पण डोळे मिटून नव्हे: ऱ्हस्व इकार जागा सोडतो, रफार भलत्या अक्षरावर बसतो, काही जोडाक्षरं फुटतात. बदललेला मजकूर वाचून काढावाच लागतो.

दुसरी शक्यता चित्रांची: कार्यक्रमपत्रिका, दरपत्रक, बातमीचं कात्रण सगळं जेपीजीमध्ये आणि पानावर फक्त शीर्षक. चित्र ठेवा, पण तारीख, ठिकाण, दर, वेळ खाली मजकुरातही लिहा.

तिसरी, जावास्क्रिप्ट. गुगलबॉट 'आणखी वाचा'वर टिचकी मारत नाही आणि खाली सरकवतही बसत नाही. जुने लेख फक्त अखंड खाली सरकवल्यावर दिसत असतील तर त्यांच्यापर्यंत पोचायला आकडे घातलेल्या पानांचे साधे दुवे हवेत. मोबाइलवर लपवलेला मजकूरही तपासा, कारण गुगल मोबाइलची आवृत्ती वाचतं. डेस्कटॉपवर असलेला आणि मोबाइलच्या आवृत्तीत मुळातच नसलेला परिच्छेद त्याच्या लेखी नाही.

'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड'

ही ओळ पाहून लोक सर्वात जास्त हवालदिल होतात आणि सर्वात चुकीचे उपाय करतात. अर्थ सरळ आहे: गुगल आलं, वाचलं, आणि सध्या ठेवायचं नाही असं ठरवलं. तांत्रिक बिघाड शोधून इथे काही हाती लागत नाही. बटण पुन्हा पुन्हा दाबूनही रांगेत पुढे जाता येत नाही; दिवसाचा कोटा मात्र संपतो. 'डिस्कव्हर्ड' अशी सुरुवात असेल तर गोष्ट वेगळी: पत्ता ठाऊक आहे, वाचन अजून झालेलं नाही. तिथे सर्व्हरचा वेग आणि अंतर्गत दुवे बघा.

न ठेवलेल्या पानांची यादी उघडून ती कोणत्या प्रकारची आहेत ते पाहा. मराठी बातम्यांच्या आणि ब्लॉगच्या साइटवर निम्मी यादी टॅगची निघते. एका लेखाला 'पुणे', 'पुणे बातम्या', 'पुण्यातील बातम्या', 'पुणे न्यूज' असे टॅग लावायची सवय असते. प्रत्येक लेखाला पाच नवे टॅग धरले तर २०० लेखांमागे हजार पानं उभी राहतात, एकेका लेखाची, आतून सारखीच. गुगल तीच वाचत बसतं. एकच लेख असलेले टॅग काढून टाका, जुळे टॅग एकत्र करा, आणि टॅगपानांना एसईओ प्लगइनमधून नोइंडेक्स लावा. प्लगइन एकच हवं. दोन असली की दोन कॅनॉनिकल टॅग ('मूळ पान हे' असं सांगणारे) पडतात, ते एकमेकांविरुद्ध बोलतात आणि मग गुगल तिसरंच काहीतरी निवडतं.

लेखच यादीत असतील तर प्रामाणिकपणे तपासा. सरकारी प्रसिद्धिपत्रक जसंच्या तसं छापलं, शुभेच्छा संदेशांची तीच यादी दर सणाला नव्या पानावर टाकली, एकाच योजनेवर चार तोकडे लेख लिहिले, तर ती पानं टिकणार नाहीत. चारांचा एक करा: पात्रता, कागदपत्रं, अर्जाची पायरी, शेवटची तारीख एकाच ठिकाणी, बाकी तिघांवरून ३०१. दर वर्षी गणपतीच्या तारखांसाठी नवं पान काढण्यापेक्षा वर्षाचा आकडा नसलेला एकच पत्ता ठेवून मजकूर ताजा करा. जुन्या पानाने कमावलेले दुवे वाया जात नाहीत.

ब्लॉगर वापरणाऱ्यांसाठी एक दिलासा: पत्त्याच्या शेवटी 'एम बरोबर १' असलेली पानं वगळलेल्यांच्या यादीत दिसतात. ती मोबाइलची जुळी पानं. मूळ पत्ता नोंदीत असेल तर तिथे काही करायचं नाही.

निकालात अचानक जपानी अक्षरं

स्वतःची साइट शोधल्यावर जपानी शीर्षकं, भलत्याच मालाच्या जाहिराती दिसल्या तर साइट फोडली गेली आहे. पान उघडून बघितलं तर सगळं ठीक वाटतं, कारण तो मजकूर फक्त गुगलबॉटला दाखवला जातो. यूआरएल तपासणीतल्या ताज्या चाचणीत मात्र तो उघडा पडतो. साफ करूनही परत येतो, कारण मागचं दार उघडं राहतं. हा क्रम पाळा:

१. सर्च कन्सोलमध्ये 'यूजर्स अँड परमिशन्स' पाहा. अनोळखी मालक असेल तर काढा, आणि त्याने सर्व्हरवर ठेवलेली पडताळणीची एचटीएमएल फाइलही पुसा. फाइल राहिली तर तो पुन्हा मालक होतो.
२. वर्डप्रेसचा गाभा, थीम, प्लगइन मूळ स्रोतातून नव्याने बसवा. फुकटात मिळालेल्या 'नल्ड' (परवाना तोडलेल्या) थीमला माफी नाही.
३. अपलोड्सच्या फोल्डरमध्ये पीएचपी फाइल असायचं कारण नाही. सापडली तर उडवा.
४. एचटीॲक्सेस फाइल (सर्व्हरचे नियम असलेली), क्रॉनची (ठरावीक वेळी आपोआप चालणारी) कामं आणि ॲडमिन वापरकर्ते एकेक करून तपासा.
५. होस्टिंग, डेटाबेस, एफटीपी आणि ॲडमिन असे सगळे पासवर्ड बदला. कॉन्फिग फाइलमधल्या गुप्त किल्ल्याही.

खोट्या पानांना ४०४ किंवा ४१० (पान कायमचं काढलं) देऊ द्या. त्यांना रोबोट्स फाइलने अडवलं तर ती गेल्याचं गुगलला कळणारच नाही.

साइटमॅप

साइटमॅप म्हणजे पत्त्यांची यादी, शिफारसपत्र नव्हे. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते किंवा ५० एमबी ही मर्यादा. त्यात फक्त नीट उघडणारी (सर्व्हर ज्यांना २०० हा संकेत देतो ती), नोंदीत हवी असलेली पानं ठेवा. 'प्रायॉरिटी' आणि 'चेंजफ्रीक' गुगल वाचत नाही. 'लास्टमॉड' (शेवटच्या बदलाची तारीख) वाचतं, पण तो खरा असेल तरच. रोज सगळ्या पानांवर आजची तारीख टाकणारं प्लगइन असेल तर त्याच्यावरचा विश्वास उडतो. कॅशे प्लगइनने साइटमॅपची शिळी प्रत धरून ठेवू नये म्हणून त्या फाइलला कॅशेतून वगळा.

नोंदीत आहे, पण खाली आहे

'परफॉर्मन्स'मध्ये १६ महिन्यांची आकडेवारी असते. त्या पानाचे शोधशब्द पाहा. अनेक मराठी वाचक मराठी शब्द रोमन लिपीत टंकतात, हे तिथे लगेच दिसतं. त्यासाठी लेखात रोमन शब्दांची खोगीरभरती नको. पण लोक 'अनारसे' आणि 'अनरसे' दोन्ही लिहीत असतील तर दोन्ही रूपं मजकुरात सहज येऊ द्या. मेटा कीवर्ड भरण्यात वेळ घालवू नका. गुगल तो टॅग वापरत नाही हे २००९ मध्येच जाहीर झालं आहे.

दर्शनं भरपूर आणि टिचक्या नगण्य असतील तर शीर्षक बदला: नेमका विषय पहिल्या चार शब्दांत, साइटचं नाव शेवटी. वेगाचे उंबरठे असे: मुख्य मजकूर २.५ सेकंदांत, प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत, मांडणीची हालचाल (सीएलएस) ०.१ च्या आत, आणि हे चारपैकी तीन भेटींत. मराठी साइट इथे बहुधा फॉन्टमुळे मार खाते. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांमुळे शेकडो आकार असतात, त्यामुळे फाइल जड. त्यात पाच वजनं (जाडीचे प्रकार) लोड केली की मोबाइल दमतो. एक नेहमीचं आणि एक ठळक, डब्ल्यूओएफएफ२ या आटोपशीर फाइल-प्रकारात, एवढंच ठेवा. फॉन्ट बदलताना ओळी उड्या मारत असतील तर ओळींची उंची सीएसएसमध्ये पक्की करा.

दुरुस्ती झाली की संबंधित यादीवर 'व्हॅलिडेट फिक्स' दाबा. तपासणीला साधारण दोन आठवडे लागतात, कधी जास्तही. तेवढ्या काळात थीम, पत्ते, प्लगइन यांना हात लावू नका. लावलात तर पान परत आलं ते कशामुळे आणि गेलं ते कशामुळे, हे पुढच्या वेळीही कळणार नाही.